घोड्याचा रंग

कार्डलाच्या सांस्कृतिक भवनात
तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड, माझी नेहमीची खुर्ची.
आमच्या बेटावरच्या कादंबरीचा सिनेमा निघाला
म्हणून गाव नटूनथटून आलेलं,
मासे खारवणारी वाइके तर चक्क लिपस्टिक लावून.

एकतीस वर्षं मी या पुस्तकावर
तारखांचे शिक्के मारले.
दोनदा पाठ शिवली, एकदा पुठ्ठा बदलला.
कुठल्या पानावर कुणाचा चहा सांडलाय, मला ठाऊक.
एकशे बाराव्या पानावर तर
सगळ्यांचेच अंगठे उमटलेले:
टपालवाला गोठलेल्या समुद्रावर थांबतो,
थैलीतलं एक पत्र काढतो
आणि उघडत नाही.
बस, एवढंच. अख्खं पान.

सिनेमात तो उघडतो.
(उघडावंच लागतं म्हणा;
न उघडलेलं पत्र
तिकीट काढून कोण बघत बसेल?)
वर एक बाई ते वाचून दाखवते, मागे व्हायोलिन.

मी अंधारात पै-पैचा हिशेब मांडत होते.
मामा गाळला. दोन बहिणींची एक केली.
तीन हिवाळे एका किटलीच्या वाफेत उरकले.
ते मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग घोडा आला.
पांढरा.

पोटात खड्डा पडला माझ्या.
एन्देल असता तर खुर्चीवरून उठलाच असता.
लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत
त्यानं हे पुस्तक मला मोठ्यानं वाचून दाखवलं,
रोज रात्री, शेगडीला पाय लावून.
मी म्हणायचे घोडा तांबूस. तो म्हणायचा राखाडी.
"तसं लिहिलंय!"
"कुठे लिहिलंय, दाखव!"
दाखवायला चाळीस वर्षं कोणी उठलं नाही.
पुरवून पुरवून वापरलं आम्ही ते भांडण,
पाहुण्यांसमोर, होडीत, बटाटे सोलताना,
अगदी इस्पितळात, नाकात नळी असताना
तो पुटपुटला होता: राखाडी.

सिनेमाहून घरी आले त्या रात्री
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत
बोट ठेवून ठेवून शोधलं.
नाल आहे. आयाळीवर गोठलेलं दव आहे.
घामाचा वास आहे.
रंग नाही.
लेखकानं दार नुसतं लोटून ठेवलेलं
आणि आम्ही दोघं
आपापला घोडा आत बांधून गेलेलो.

आता डोळे मिटले की पांढराच येतो.
तांबूस बोलावला तर येतो,
पण पांढऱ्याच्या मागून, पाहुण्यासारखा अंग चोरत.
राखाडी तर मी कधी पाहिलाच नव्हता.
आत्ता पाहावासा वाटतोय.

एक सांगायचं राहिलं.
मध्येच, पडद्यावर कोणी बोलत नसताना,
बर्फ बोलला.
रात्री समुद्र गोठताना जो आवाज करतो तो,
लांब कुठेतरी जाड तार ताणून सोडावी तसा.
लेखकाला चारशे पानांत तो जमला नव्हता;
"बर्फ कण्हला" एवढं लिहून पुढे गेला,
दर वेळी त्या ओळीला मी थोडी रागावायचे.
सभागृहात मी डोळे मिटून घेतले
आणि तिकिटाचे पैसे कानांनी वसूल केले.

काल शाळेतला तोनिस पुस्तक परत द्यायला आला,
चारच दिवसांत. तोंड वाकडं.
"यात चुका आहेत. तो पत्र उघडतच नाही.
आणि घोडा पांढरा आहे हे लिहायलाच विसरलेत."
शिक्का माझ्या हातात तसाच राहिला.
"तुला कुठला आवडला असता?"
तो विचार करत उभा राहिला;
बाहेर कुणाची तरी सायकल पडली.
"काळा," म्हणाला. "बर्फावर लांबून दिसायला हवा ना."

मी तारीख दोन आठवडे पुढे ढकलली
आणि पुस्तक त्याच्याकडे परत सरकवलं.