सतरा मिलिमीटर

मी इमारतीसमोर तिपाई रोवते,
तिच्यावर लेसर.
तो गरगर फिरत पाच मजल्यांची भिंत
चार कोटी ठिपक्यांनी चाचपतो.
संध्याकाळी पडद्यावर ती उघडी पडते:
कुठे पोट सुटलेलं, कुठे खांदा उतरलेला.
साठ खिडक्या,
आणि शोधूनही दोन सारख्या सापडत नाहीत.

तालिनच्या या भागात सगळ्या अशाच.
साच्यातून काढलेली घरं, म्हणत तेव्हा.
अडुसष्ट साल, काँक्रीटच्या तयार पाट्या, क्रेन, घोषणा,
नऊ दिवसांत मजला.
साचा एकच होता.
थंडी मात्र रोज निराळी, आणि हातही.

आता त्या भिंतीवर दुसरी भिंत येणार.
लाकडाची, पोटात दगडी लोकर,
हवेच्या नळ्या आतूनच फिरवलेल्या,
खिडकी काचेसकट जागेवर.
कारखान्यात सगळं गुण्यात, काटकोनात,
तरी एक पाटी दुसरीसारखी नाही,
कारण जुन्या भिंतीची एकूण एक चूक
नवीला तोंडपाठ असावी लागते.

दुसऱ्या मजल्यावरचा आर्वेद थर्मास घेऊन आला.
ऐंशी उलटलेली, कान टोपीखाली.
मी त्याला आकडे दाखवत होते सहज.
तिसरा मजला, डावीकडून चौथी,
सतरा मिलिमीटर कललेली.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

ती मी बसवली, म्हणाला.
फेब्रुवारी होता. उणे सव्वीस.

मी गोष्टीची वाट पाहिली.
कुणी खालून हाक मारली असेल,
कुणाला मुलगी झाली असेल,
निदान दारू तरी.
तो म्हणाला, बोटं गोठली होती
आणि जेवायची वेळ झाली होती.
एवढंच.

मग आवाज उतरवून:
तुझ्या यंत्राला सगळंच दिसतं का गं?
सगळं.
मग मापात जरा पाप कर.
तिथे क्लावदिया येफिमोव्हना राहते.
पन्नास वर्षं तिच्या फळीखाली
पुठ्ठ्याची घडी आहे.
पन्नास वर्षं जिन्यात भेटतो आम्ही.

पाप केलं तर पाटी बसणार नाही, मी म्हटलं.
आणि सतराचा आकडा कारखान्याला पाठवला.

ऑक्टोबरात पाटी क्रमांक एकतीस
क्रेनच्या दोरांवर हलकेच गोल फिरत वर गेली,
क्षणभर तिच्या काचेत अख्खं मैदान फिरलं,
कपड्यांच्या दोऱ्या, लाल स्कूटर, टोपीतला आर्वेद.
मग ती भिंतीला टेकली.
ओठाला ओठ लागावा तशी नाही.
दातांच्या कवळीसारखी, खट्.

एक रात्र तिथे दोन खिडक्या होत्या,
बाहेरची नवी, आतली जुनी,
मध्ये वीतभर थंड हवा.
क्लावदियाने त्या फटीत
आंबवलेल्या कोबीची बरणी ठेवून दिली.
फ्रिज नव्हता तेव्हा इथेच ठेवायचो, म्हणाली,
अर्धं एस्टोनियनमध्ये, उरलेलं रशियनमध्ये.

सकाळी आम्ही जुनी चौकट आतून उपटली.
रंगाचे सात थर निघाले. सगळ्यात खाली निळा.
ती बघत होती. म्हणाली,
आर्वेदने बसवलेली ना ही?
माझ्या हातातली पहार तशीच राहिली.
दर नव्या वर्षाच्या रात्री सांगतो मला, रडतो,
आणि सकाळी विसरून जातो सांगितल्याचं.
मीही विसरते. शेजारी आहे.

बाहेरून इमारत आता
नाकासमोर बघत उभी आहे.
सतरा मिलिमीटर लाकडाच्या पोटात
लोकरीत गुंडाळून ठेवलेत,
कुणाला दिसायचे नाहीत
पुढच्या दुरुस्तीपर्यंत.

नवी फळी पाणसळ लावून पाहिली.
बुडबुडा बरोबर मध्यावर.
क्लावदियाने बरणी आणून ठेवली,
आणि सवयीने तिच्याखाली
पुठ्ठ्याची ती जुनी घडी सरकवली.
बरणी कलली,
दुसऱ्या बाजूला.