खुर्चीच्या मागे

पोफळींच्या सावलीत अकरा माणसं उभी आहेत,
अम्मी एकटी खुर्चीवर.
खुर्चीमागे एका माणसाची जागा
नुसरतने मुद्दाम मोकळी ठेवायला लावली.
फोटोवाल्याला म्हणाली, भाऊ यायचाय.
भाऊ फहाहीलच्या गोदामात पाइपांची मोजदाद करत होता.
डिसेंबरच्या रजेवर सही जानेवारीत झाली.

आता मे. शुक्रवार. बाहेर सत्तेचाळीस,
इथे धुळीला तोज म्हणतात,
तिच्यासाठी खिडकीच्या फटीत ओला टॉवेल.
मी स्वतःला कापून घेतलंय,
कानांच्या कडेने, सावकाश, दाढीचा केस न् केस सोडवत,
आणि ओढत नेतोय पोफळींकडे.

पडदा गोठतो.
प्रोग्रामने काम करणे थांबवले आहे.

पुन्हा.
कान, दाढी, खांदा. उचललं, नेलं,
अम्मीच्या ओढणीपाशी पोचलो की बंद.
बाकी सगळं चालतं त्याला.
दुल्हेभाईंच्या कपाळावरची चकाकी पुसली, चाललं.
मागच्या दोरीवरचे कपडे काढले, चाललं.
एक कोंबडीसुद्धा काढली,
आणि वाईट वाटलं म्हणून परत ठेवली.
फक्त मी आत शिरायला लागलो
की हा हात वर करतो.

काढून पुन्हा बसवला. ड्रायव्हर नवा घातला.
डिस्कवर जागा केली: चार वर्षांच्या मालाचे हिशेब,
अर्धवट उतरवलेले दोन सिनेमे.
सेटिंगची फाइल उडवली, अँटिव्हायरस झोपवला,
बिस्मिल्ला म्हणून डबल क्लिक केलं.
बंद.
‘वाचवलेली प्रत’ नावाच्या नऊ फायली साठल्या,
प्रत्येकीत मी थोडा थोडा:
एकीत नुसता खांदा,
एकीत पार पोफळीच्या शेंड्यावर.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा शिनोज आला,
लिफ्ट दुरुस्त करतो तो,
एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, एका हातात चहा.
काही न विचारता डब्याची बाजू उघडली.
आत मैद्यासारखी धूळ, पंख्याच्या पात्यांवर थर.
“भाई, ये तो पूरा कुवैत है.”
ब्रश फिरवला, फुंकर घातली, दोघेही खोकलो.
मग एक हिरवी पट्टी उपटून काढली,
“मेमरी,” म्हणाला,
आणि लेकीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागवलं,
गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
पट्टीचे पिवळे दात घासले त्याने
तान्ह्या पोराचे घासावेत तसे.
माझ्याकडे पाहून हसला. घाबरू नको,
यातलं काही पुसलं जात नाही.

खट्.

कान, दाढी, खांदा, पोफळी, ओढणी.
पोचलो.

आणि मग लक्षात आलं की मला पाय नाहीत.
गच्चीवर शिनोजनेच काढलेला फोटो
गुडघ्यांपाशी संपतो.
बरं झालं, जागा खुर्चीमागची होती.
उजेडाचं मात्र जमेना.
त्या सगळ्यांवर डावीकडून येतं ऊन,
सकाळचं, झावळ्यांतून गाळलेलं,
माझ्यावर उजवीकडून,
पाण्याच्या टाक्यांवर आपटून आलेलं.
उलटा करून पाहिला,
तर भांग दुसरीकडे गेला, घड्याळ दुसऱ्या हातात.
अम्मी भांगावरून पकडेल. सरळच ठेवला.
हात खुर्चीच्या पाठीवर टेकायला हवा होता,
तो बोटभर वर राहिला.

रात्री पाठवला. दोन निळ्या खुणा.
बराच वेळ काही नाही.
मग अम्मीचा आवाज, अठरा सेकंद,
त्यातले पहिले दहा
कुणीतरी तिला बटण शिकवतंय:
“मुदस्सर, शर्टाला इस्त्री नव्हती केलीस?
एवढ्या लोकांत उभा राहिलास
आणि कॉलर बघ.”

सगळ्यात बारीक ब्रश घेतला,
कॉलर पडदाभर मोठी केली
आणि इस्त्री करत बसलो.
डब्यातला पंखा घुमत होता.
दीड वाजेपर्यंत
एकदाही बंद पडला नाही.