भोंगा बंद, भाग सतरावा

शुक्रवारी दुपारी गिरणीची लाइन जाते.
तीच आमची रेकॉर्डिंगची वेळ.

हलर थांबला की खुशाल भिंतींवर बारदाना टांगतो.
कोंड्याच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही,
बांधीत पाणी मुरावं तसा मुरतो.
मोबाइल पायलीत उभा.
मी खोकून घेतो. तो म्हणतो, बोल.

"नमस्कार, भोंगा बंद, भाग सतरावा.
ऐकणारे त्रेचाळीस. त्यातले दोघं आम्हीच."

आधी नागभीडकडच्या एका वरातीतलं क्लॅरनेट,
मधेच कुणाच्या तरी स्कूटीचा हॉर्न,
तोही सुरात.
मग गप्पा:
मंडईच्या नाटकात यंदा खलनायकाचा कोट
नायिकेच्या शालूपेक्षा महाग का,
मालिकेतल्या सुनेला विजेचं बिल कधीच का येत नाही.

आणि मग ते प्रचारगाणं.
ट्रॅक्टरवर, पिकअपवर,
मयतीला वाट देताना जरा हळू,
पण वाजतच होतं महिनाभर.
खुशालनं मान तिरकी केली.
"हे तं आपल्या रोवन्याचं होय ना गा."

अनुसयाबाई नन्नावरे धान घेऊन आलीच होती,
लाइनची वाट बघत पायरीवर बसलेली.
तिला आत बोलावलं.
उभ्यानं तिला गाणं आठवेना.
शेवटी ती कमरेत वाकली,
फरशीवर हातानं परे रोवू लागली,
आणि चार ओळी आल्या,
एकेक पाऊल मागं सरकत.

आम्ही आधी तिला लावलं, मग गाडीवरच्याला.
भाष्य काहीच केलं नाही.
चार सेकंद नुसत्या चिमण्या.

सोमवारी ऐकणारे एकोणीसशे.
मंगळवारी बुलेटवरून उमेदवाराचा माणूस.
चहा घेतला, बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं.
"काढून टाका ते."
मग जरा थांबून,
"बाई कोनत्या गटाची?"
खुशाल म्हणाला,
"बांधीतल्या तिसऱ्या रांगेची."

संध्याकाळी अनुसयाबाईच्या कानात इयरफोन घातला, एकच,
दुसरा कान तिनं चुलीवरच्या भातासाठी ठेवला.
स्वतःला ऐकलं. त्याला ऐकलं. पुन्हा त्याला.
आम्ही टपून बसलेलो:
आता चिडेल, काहीतरी जळजळीत बोलेल,
अठराव्या भागाची सोय होईल.

ती म्हणाली,
"वाजा मस्त हाय याचा.
पन दुसऱ्या ओळीत दम नाई घेतला यानं.
पानी घोट्याच्या वरतं असलं
का तेथं दम घ्याच लागते.
हा सुक्यावर उभा राऊन गायला."

इयरफोन पदराला पुसून परत दिला.
"अना माजाबी सूर चढला होता.
तुमी सांगतलं काहून नाई?
परत घ्या."

शुक्रवारी ती वेळेवर आली, केस विंचरून,
पायलीसमोर वाकली.
आणि पहिल्याच ओळीला लाइन आली,
हलर धडधडू लागला.
ती तशीच वाकून राहिली,
बोटांत नसलेला परा धरून,
गिरणी थांबायची वाट बघत.