नाडी

तुरुंगाचं मागचं दार रात्री बारानंतर उघडतं.
का, ते कुणी सांगत नाही.
दिवसभराचे कागद म्हणे तेव्हा कुठे वरून खाली येतात.
श्रीव्हपोर्टमध्ये त्या वेळी बस नसते,
पेट्रोलपंपावरची बाईसुद्धा काचेआडूनच पैसे घेते.

मी गाडी दिव्याखाली लावते. दिव्याखालीच.
अंधारात थांबलेल्या गाडीत कोण बसेल?
कप्प्यात पाणी, शेंगदाणे, चार्जर
आणि बुटांच्या नाड्यांचे आठ-दहा जोड.
आत जाताना नाड्या काढून घेतात,
माणसानं गळ्याभोवती काही आवळू नये म्हणून;
सोडताना परत द्यायचं लक्षात राहत नाही.
अकरा वर्षांपूर्वी मीही याच दारातून
बूट फरफटत बाहेर आले होते,
हातात दवाखान्याची चिठ्ठी होती.
तिचं मी काय केलं
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

यादीत एकच नाव. ऑरेलियस फॉन्टेनो, वय चौतीस.
नवव्या दिवशी रक्त घेतलं,
अकराव्या दिवशी निकाल सांगितला,
आणि बाराव्या रात्री, चल, सामान उचल.
सोबत सात गोळ्या.
आठवा दिवस ज्याचा त्यानं बघायचा.

तो आला. प्लॅस्टिकची पिशवी छातीशी.
मी काच खाली केली.
"डेल्फीन. आत नर्स बोलली असेल."
"मला काही झालेलं नाही," म्हणाला, आणि चालू लागला.

मग ब्रेकवर पाय ठेवून
मी त्याच्या शेजारून, त्याच्याच चालीनं, गाडी नेत राहिले.
एखाद्या पोलिसानं पाहिलं असतं
तर भलताच अर्थ निघाला असता.
रेल्वे फाटकापाशी त्याचा बूट निसटला.
थंडीत एका पायावर उभा राहिला, बगळ्यासारखा,
आणि स्वतःशीच हसला.
मी खिडकीतून एक जोड पुढे केला.
नाड्या पांढऱ्या, बूट काळे.
खांबाला टेकून तो ओवत बसला,
एकेक भोक, खूप वेळ.
मी डॉक्टर नाही. मला कळते ती नाडी एवढीच.

गाडीत बसल्यावर:
"बहिणीकडे ग्लास एकच चालेल ना?"
चालेल.
"तिचं लेकरू माझ्या अंगावर झोपतं."
झोपू दे.
"किती दिवस?"
हे बहुधा गोळ्यांबद्दल.
रोज, मी म्हटलं. दात घासतोस तसं.
"मी रोज नाही घासत."
बरं. मग जे रोज करतोस, त्याच्यासोबत.
तो विचार करत राहिला, लाल नदीचा पूल संपेपर्यंत.
"रात्री कडी लावली की तपासतो. दोनदा."
ठरलं. दुसऱ्यांदा तपासशील तेव्हा.

मंगळवारी दहाची वेळ होती. आला नाही.
फोन लागेना; पैसे संपले असतील, नाहीतर मन.
त्याचा विमा आत असताना बंद पडलेला,
तो सुरू करायला पाऊण तास
एकच धून कानाला लावून बसले होते मी.
बुधवारी घरी गेले. बहिणीनं दार अर्धंच उघडलं.
"तुम्ही कोण?"
नोकरीचं बघते त्याच्या, म्हटलं.
खोटं बोलायची जुनी सवय, इथे कामी येते.

तो टायरच्या दुकानात. हात कोपरापर्यंत काळे.
मालक रजा देईना, जेवणाची सुट्टी वीस मिनिटं.
मी काहीच विचारलं नव्हतं;
त्यानंच खिशातून डबी काढली
आणि माझ्या कानाशी हलवली.
आवाज नाही.
"काल रात्री शेवटची," म्हणाला. "कडी दोनदा."

वीस मिनिटांत जाऊन यायचं होतं.
एकतीस लागली.
नर्स रक्त घेत होती तेव्हा तो पायांकडे बघत होता,
पांढऱ्या नाड्या पार काळ्या झाल्या होत्या.
मालक ओरडला असणार. मी परत आत गेले नाही.

परवा यादीत आणखी एक नाव होतं.
तीन वाजेपर्यंत दिव्याखाली थांबले.
सकाळी कळलं, त्याला संध्याकाळीच
दुसऱ्या जिल्ह्याच्या तुरुंगात हलवलं होतं.
मांडीवर काढून ठेवलेला जोड
गुंडाळून परत कप्प्यात टाकला,
शेंगदाण्यांच्या खाली.