बिनचाऱ्याची शेती

आईचा फोन आला की पहिला प्रश्न:
"त्यांना खायला काय घालतोस?"
काही नाही, मी म्हणतो.
"मग पगार कसला देतात तुला?"

उम्म अल कुवैनच्या खाडीत पहाटे साडेचारला
पाणी निवलेल्या चहासारखं.
दोरावर टांगलेल्या पेट्या वर ओढतो,
कालवं हलवतो, घासतो, मेलेली मोजतो.
ऑगस्टात वही पुरत नाही.

आधी मी पलीकडच्या पिंजऱ्यांवर होतो.
एकेका माशापायी
तारल्यांची पोती ओतायचो पाण्यात,
मनात म्हणायचो, याचं कालवण
घरी चार दिवस पुरलं असतं.

इथे कुणी काही मागत नाही.
कालव पाणी गाळतं, त्यातलंच खातं.
शेजारच्या दोरीवर शेवाळ, त्याला ऊन पुरे.
खाली समुद्रकाकड्या,
वरून पडेल ते गिळत,
वाळू धुऊन मागे टाकत,
घाई म्हणून नाही.

खलफान आमचा मुकादम.
त्याचा आजोबा इथेच मोत्यांसाठी बुडी मारायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
मेलेलं कालव उघडलं
की खलफान अजून डोकावतो, सवयीनं.
आज आत निघाला
मुगाएवढा खेकडा, जिवंत.
"फुकटा भाडेकरू," मी मराठीत म्हटलं.
तो अरबीत हसला.

रात्री आईला सांगितलं.
ती कातळावर कोयत्यानं कालवं फोडत मोठी झालेली.
जरा थांबून म्हणाली,
"आपण तरी कुठे घातलं होतं त्यांना काही?
नुसतं नेलं."