तिसरा नमुना

नमुने तीन काढायचे असतात.
एक प्रयोगशाळेला,
एक ज्याच्याकडे सापडलं त्याला,
तिसरा माझ्याकडे, लाखेखाली.

पैनगंगेच्या अलीकडे, झरीच्या रस्त्यावर
प्रमोद ठावरीच्या कोठ्यात, कुटाराच्या ढिगामागं
टॉर्चच्या उजेडात मोजली एकशे चाळीस पाकिटं.
वर फुटलेलं बोंड, बाजूला सिंह.
पत्ता कुठंच नाही.
"फवारलं का तण मरते मॅडम, पऱ्हाटी नाही मरत.
निंदाले बाया भेटतेत का, सांगा तुम्हीच."
मी आकडा लिहिला.

पंच दोन लागतात. एक कोतवाल.
दुसरी जैतूबाई टेकाम, धुऱ्यापलीकडून
उजेड पाहून आलेली.
ठावरीच्या वावरात निंदायला तीच जायची.
दोन हंगाम झाले, बोलावणं नाही.

शाईत बुडवलेला अंगठा तसाच धरून तिनं विचारलं,
"गुन्हा कोणता हाय याच्यात?"
परवानगी नाही, म्हटलं. तपासणी झालेली नाही.
माशीला काय होतं, मातीला काय,
सरकी खाल्लेल्या ढोराला काय,
पाहायचं राहिलंय.
"मंग पाह्यत काऊन नाही?"

पंचनाम्यात या प्रश्नाला रकाना नव्हता.

ती घरी गेली आणि तुंबा घेऊन आली,
तोंडाला शेणमातीचं बूच.
आत राख. राखेत ज्वारी,
लालसर, बारीक दाण्याची.
"कणसाले कुसळं हायेत, पाखरू बसत नाही.
हे बी धरता का?"

नाही बाई. हे तुझं.
पेर, ठेव, कुणाला दे, वीक,
कायद्यात आहे तसं, पाठ आहे मला.
फक्त पिशवीवर नाव छापून विकू नको.

"नाव हाय नं तिले," जैतूबाई म्हणाली.
"भीमाई. माह्या सासूनं आणली होती
माहेरातून, वटीत.
ते कोठी लिहू?"

त्याचाही एक अर्ज असतो, बऱ्याच पानांचा.
तो माझ्या बॅगेत नव्हता.
रात्री साडेअकरा वाजता
मी एवढंच म्हणू शकले, आणते.
तिनं मूठभर ज्वारी
नमुन्याच्या उरलेल्या पिशवीत ओतली.
"तुमच्यापाशी बी असू द्या एक."

लाख लावली नाही त्या पिशवीला.

प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही.
ठावरीचा फोन येतो, पाकिटं परत कधी.
माझ्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर
एक फुटकी बादली होती, मालकीणबाईंची.
तिच्यात भीमाई वीतभर झाली आहे.
अर्जातल्या चौथ्या पानावर
वाण कोणी तयार केला, असं विचारलंय.
सासूचं आडनाव विचारायला
मला पुन्हा झरीला जावं लागेल.