पंचावन्न ते सत्तर

शैला म्हणाली, आला.
मी म्हटलं, कुठे?
मागे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी
वाफ चढते ना, तसा.
ऐरोलीच्या पुलावर काटा पंचावन्नवर होता.
सत्तरला म्हणाली, गेला.
मला आल्याचं कळलं नाही, गेल्याचंही नाही.

गाडी दोन हजार सातची. राखाडी सफारी,
दोन लाख अकरा हजार किलोमीटर,
मागच्या काचेवर मुलाच्या कॉलेजचा स्टिकर,
अर्धा सोललेला.
मुलगा आता पर्थला. स्टिकर इथे.

अन्वर परकार बॉनेट उघडत नाही आधी.
आधी विचारतो.
अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बदलतो?
वळताना वाढतो?
न्यूट्रलला?
प्रत्येक प्रश्नाला मी शैलाकडे बघतो,
परक्या देशात दुभाष्याकडे बघावं तसा.
पाय काढला की सूर उतरतो, ती सांगते.
वळताना तसाच.
न्यूट्रलला बारीक होतो, पण असतो.
परकार एकेक बोट मिटतो.
टायर नाही. चाकाचं बेअरिंग नाही. गिअरबॉक्सही नाही बहुतेक.
कुणीतरी मागे झोपून ऐकायला हवं, तो म्हणतो,
आणि त्याच्या पोऱ्याला, सुहेलला, हाक मारतो.
तोवर शैला डिकीत चढलेली असते,
त्रेसष्टाव्या वर्षी, पदर खोचून, स्टेपनीला टेकून,
पत्र्याला कान लावून.
कांजूरच्या मिठागरांपाशी ती आतून थापा मारते:
इथे! इथे! माझ्या कानाखाली!
परकार हसतो, म्हणतो,
साहेब, हे मी ऐकलंच नाही.

मी तर खरंच नाही.

एकतीस वर्षं हॉबिंग मशीनवर
मी चाकांचे दात पाडले.
कंपनीच्या जागी आता टॉवर आहे, त्याला पोहायचा तलाव आहे.
कानात कापूस असायचा.
म्हणजे, कधी कधी असायचा.
परवा डॉक्टरांच्या काचेच्या खोलीत
हेडफोन लावून बसलो, ऐकू आलं की बटण दाबायचं.
बराच वेळ काही झालं नाही.
मला वाटलं, अजून सुरूच केलेलं नाही.
कागदावरची रेघ भांडुपच्या टेकडीवरून
नाल्यात उतरावी तशी उतरली होती.

गाडी स्टँडवर. मागची चाकं हवेत.
सुहेल चौथ्या गिअरमध्ये साठवर धरून बसलेला.
परकार खाली सरकतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक
डिफरन्शियलच्या गोळ्याला टेकवतो, मूठ कानाला.
मग मला देतो.
मी लावतो. काही नाही.
डावा कान. काही नाही.
दातात धरा, तो म्हणतो.

मूठ ग्रीसची, चव जुन्या नाण्याची.
चावलो.
आणि तो आलाच, जबड्यातून वर,
कवटीच्या मागच्या भिंतीपर्यंत.
ओळखीचा.
कटर बोथट व्हायला लागला की
माझं मशीन रात्रपाळीला असंच कण्हायचं.
पिनियनचं बेअरिंग, मी म्हटलं,
तोंडात लोखंड असल्यामुळे
कुणालाच कळलं नाही.

प्लग उघडला. तेल काळं.
प्लगच्या चुंबकावर चंदेरी चिखल.
परकारने दोन बोटांत चोळला: कपची नाही, पीठ आहे.
बेअरिंगवर भागलं तर अकरा हजार.
क्राउन-पिनियनवर गेलं तर जोडीच बदलायची,
एकमेकांवर घासून बसलेले असतात ते,
एक नवा, एक जुना चालत नाही.
मग दोन्ही जुनेच चालतील का थोडे दिवस,
शैलाने विचारलं.
हळू चालवा, तो म्हणाला. सोमवारी खोलतो.

परतताना मी हायवेला लागलो.
पंचावन्नला तिने माझ्या डाव्या मांडीवर
एक बोट टेकवलं. बोलली नाही काही.
सत्तरला उचललं.
मुलुंडचं आमचं वळण मागे गेलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी पाय काढला,
काटा उतरू दिला.